किडनीच्या तपासण्या: आधी नमुना नीट द्या, मग रिपोर्ट वाचा

किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण एकच ओळ शोधतात: क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंमधून तयार होणारा आणि किडनी बाहेर टाकते तो पदार्थ. आकडा ठळक अक्षरात नसेल तर कागद घडी घालून फाइलमध्ये जातो. ठळक असेल तर त्याच रात्री घरात डायलिसिसचा विषय निघतो. दोन्ही प्रकारांत माणसाचं नुकसान होतं. पहिल्यात सुरुवातीचा आजार नजरेआड होतो आणि दुसऱ्यात नसलेल्या आजाराची धास्ती बसते.

यातल्या बऱ्याच चुका रिपोर्ट छापण्याच्या आधीच झालेल्या असतात. रविवारी सिंहगड चढायचा, उतरून मटणावर ताव मारायचा, रात्री गुडघ्यासाठी एक वेदनाशामक गोळी घ्यायची आणि सोमवारी सकाळी ‘फास्टिंग’ म्हणून पाण्याचा थेंबही न घेता रक्त द्यायचं. असा वाढलेला क्रिएटिनिन किडनीबद्दल फारसं काही सांगत नाही. म्हणून हा लेख आकड्यांपासून सुरू होत नाही. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा.

## टप्पा १: कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरवा

किडनीचा आजार पुष्कळ पुढे जाईपर्यंत दुखत नाही. सूज, थकवा, मळमळ ही लक्षणं उशिरा येतात, त्यामुळे तपासणीशिवाय कळायला मार्ग नसतो. सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात:

१. रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ई-जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज
२. लघवीतलं ॲल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर
३. युरीन रूटीन, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसह

पहिली तपासणी किडनी किती गाळते ते सांगते. दुसरी सांगते की गाळणी फाटू लागली आहे का, म्हणजे रक्तातलं प्रथिन लघवीत झिरपतंय का. या दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात असं नाही. मधुमेहात पुष्कळदा आधी एसीआर वाढतो आणि क्रिएटिनिन त्यानंतर कित्येक वर्षं अगदी छान दिसत राहतं. ते छान दिसत असतानाच उपचार सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणून लघवीची तपासणी गाळू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

इथेच पहिली गफलत होते. ‘किडनी प्रोफाइल’ किंवा ‘केएफटी’ या नावाखाली पुष्कळदा फक्त रक्ताच्या तपासण्या असतात: युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये युरीन रूटीन असतं, पण एसीआर असेलच असं नाही. पॅकेजच्या नावावर जाऊ नका, यादी वाचा आणि काउंटरवर स्पष्ट विचारा, “यात युरीन एसीआर आहे का? नसेल तर वेगळा लिहा.”

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी या तपासण्या हव्यात. टाइप १ असेल तर निदानानंतर ५ वर्षांनी सुरू करून दरवर्षी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, घरात कुणाला किडनीचा आजार, वारंवार मुतखडे, किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या, यापैकी काही असेल तर किती दिवसांनी करायच्या हे फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लक्षात ठेवा: मुतखडा क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही. खड्यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. आणि खडा असूनही क्रिएटिनिन नॉर्मल असू शकतं.

## टप्पा २: आधीच्या दोन-तीन दिवसांची तयारी

व्यायाम. तपासणीच्या आधीचे २४ तास दमछाक करणारा व्यायाम टाळा. रोजचं चालणं चालेल. सिंहगड, लांब सायकलिंग, जिममधला जड दिवस नको. कठोर व्यायामाने लघवीत तात्पुरतं ॲल्ब्युमिन येतं, कधी लाल पेशीही दिसतात, आणि स्नायूंमुळे क्रिएटिनिनही थोडं वर जातं. पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेला असाल तर दिवे घाट चढून आल्याच्या दुसऱ्या दिवशी लघवी तपासू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या.

मांसाहार. शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिन शिजताना क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि पोटातून थेट रक्तात येतं. आधीच्या १२ तासांत मटण-चिकन-मासे नको, म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण शाकाहारी. वरण-भात, पोळी-भाजी काहीही चालेल. जिमसाठी क्रिएटिन पावडर घेत असाल तर ती कधीपासून घेताय हे डॉक्टरांना सांगा. हे न सांगितल्यामुळे धडधाकट तरुण मुलं किडनीच्या भीतीने हैराण झालेली पाहिली आहेत.

पाणी. इथे चुका दोन्ही टोकांना होतात. ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की काही जण पाणीही सोडतात. उपाशी म्हणजे अन्न नको, साधं पाणी चालतं. एप्रिल-मेच्या उन्हात हडपसरहून हिंजवडीपर्यंत दुचाकीवर ये-जा करून, दिवसभर जेमतेम दोन ग्लास पाणी पिऊन, दुसऱ्या दिवशी कोरड्या तोंडाने रक्त दिलं तर युरिया वाढलेला दिसणार आणि क्रिएटिनिनही. उलट काही जण ‘किडनी साफ व्हावी’ म्हणून सकाळी लिटर-दीड लिटर पाणी पिऊन येतात. त्याने लघवी पातळ होते आणि रूटीन तपासणीत दिसायला हवं ते दिसेनासं होतं. रोज जेवढं पिता तेवढं प्या. निर्जळी एकादशी किंवा रोजा चालू असेल तर तपासणी दुसऱ्या दिवसांवर ढकला.

उपाशी राहायचं का? फक्त क्रिएटिनिन आणि एसीआरसाठी उपास लागत नाही. सोबत फास्टिंग शुगर किंवा लिपिड प्रोफाइल असेल तरच लागतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचा डोस केव्हा घ्यायचा ते आधी विचारून ठेवा. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन लॅबच्या रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे.

औषधं. रक्तदाबाची गोळी तपासणीसाठी बंद करू नका. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिलेल्या नसतील तर घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक, म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल, चालू असेल तर किडनी ठीक असूनही क्रिएटिनिन वर दिसू शकतं. तसं असेल तर लॅबच्या फॉर्मवर नोंदवा.

पुढे ढकला, जर: ताप आहे, लघवीला जळजळ आहे, मासिक पाळी चालू आहे, किंवा साखर वा रक्तदाब अचानक फार वाढलेला आहे. अशा वेळी एसीआर खोटा वाढतो. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांनी नमुना द्या.

ढकलू नका, जर: जुलाब-उलट्या झाल्यात, लघवी खूप कमी झाली आहे, अंगावर सूज आली आहे आणि डॉक्टरांनी आजच तपासायला सांगितलं आहे. त्या वेळी वरची सगळी तयारी बाजूला ठेवा, तेव्हा किडनीला आत्ता काय होतंय हेच पाहायचं असतं.

## टप्पा ३: रक्त देताना

इथे फार करायचं नसतं. पोटॅशियमची तपासणी असेल तेवढी एक काळजी घ्या: शीर फुगावी म्हणून मूठ सारखी उघड-मीट करू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. नमुना काढताना लाल पेशी फुटल्या किंवा रक्त तासन्‌तास तसंच राहिलं तरीही वाढतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला विचारा, की तुमच्यानंतर त्याला किती घरं करायची आहेत आणि नमुना लॅबमध्ये किती वाजता पोचेल. पोटॅशियम तपासायचं असेल तर त्याच्या फेरीतलं शेवटचं घर मागा, किंवा सरळ लॅबमध्ये जा.

नोंदणी करताना वय आणि लिंग बरोबर लिहिलं आहे ना, ते स्क्रीनवर पाहा. ई-जीएफआर याच दोन गोष्टी आणि क्रिएटिनिन वापरून काढतात. वय दहा वर्षांनी चुकलं तर ई-जीएफआरही चुकतो.

## टप्पा ४: लघवीचा नमुना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो आणि सर्वांत कमी सूचनाही इथेच मिळतात. काउंटरवरून डबी हातात देतात, “बाथरूम तिकडे,” म्हणतात आणि काम संपलं.

१. डबी आदल्या दिवशीच आणा. लॅबची रुंद तोंडाची, झाकण घट्ट बसणारी डबी. घरातली औषधाची, लोणच्याची, पाण्याची बाटली कितीही धुतलेली असली तरी नको. साबणाचा किंवा साखरेचा अंश राहिला तरी निकाल बदलतो.

२. नाव आधी लिहा. डबीवर, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.

३. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी. एसीआरसाठी हीच उत्तम. दिवसभर उभं राहण्याने, चालण्याने, पाण्याने ॲल्ब्युमिनचं प्रमाण बदलत राहतं. काही तरुणांत तर फक्त उभं असतानाच प्रथिन उतरतं, रात्री झोपेत नाही, आणि तो आजार नसतो. पहिल्या लघवीने हा घोळ टळतो.

४. धुवा, पण साध्या पाण्याने. स्त्रियांनी पुढून मागे. डेटॉल, साबण नको.

५. मधली धार. सुरुवातीची थोडी लघवी जाऊ द्या, मग धार न थांबवता डबी पुढे धरा, अर्धी भरली की बाजूला घ्या. पहिल्या धारेबरोबर त्वचेवरच्या पेशी आणि जंतू वाहून येतात.

६. डबीच्या आत बोट लावू नका. झाकण उलटं ओट्यावर ठेवू नका.

७. दोन तासांच्या आत लॅबमध्ये. उशीर झाला तर पेशी फुटतात, जंतू वाढतात. घरून नमुना न्यायला येणारा नऊ वाजता येणार असेल तर डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, असेल तर: निर्जंतुक डबी वेगळी मागा, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. दोन गोळ्या घेऊन मग दिलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाहीत. मग रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि जळजळ तशीच राहते.

### २४ तासांची लघवी सांगितली असेल तर

आता बहुतेक वेळा एसीआरवर काम भागतं. तरी काही आजारांत आणि वारंवार होणाऱ्या मुतखड्यांत २४ तासांची लघवी लागते. समजा सकाळी सात वाजता सुरुवात. सात वाजताची लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दिवसाची-रात्रीची, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताची लघवी कॅनमध्ये घ्यायची आणि थांबायचं. कॅनमध्ये लॅबने द्रव घालून दिला असेल तर तो ओतू नका, तो आम्ल असू शकतो, हातावर सांडू देऊ नका.

लोक पहिली लघवीही घेतात आणि शेवटचीही, म्हणजे चोवीस तासांत बसत नाही इतकी लघवी जमते. किंवा ऑफिसमधली एक खेप विसरते. त्यासाठी सुट्टीचा दिवस निवडा. एखादी खेप राहिलीच तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. अर्धवट कॅनवरून काढलेला आकडा दिशाभूल करतो.

## टप्पा ५: आकडे वाचण्याआधी कागद वाचा

नाव, वय, लिंग, नमुन्याची तारीख. मग प्रत्येक ओळीसमोर नमुना रक्ताचा आहे की लघवीचा ते पाहा. याचं कारण गंभीर आहे. एसीआरच्या रिपोर्टमध्ये ‘युरीन क्रिएटिनिन’ अशी ओळ असते आणि तिथे ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वगैरे आकडा असतो. रक्तातल्या क्रिएटिनिनची मर्यादा १.२-१.३ वाचलेल्या माणसाला तो पाहून घाम फुटतो. लघवीत क्रिएटिनिन असायलाच हवं, किडनी ते बाहेर टाकते म्हणून तर रक्तात कमी राहतं. त्या ओळीचा उपयोग फक्त गुणोत्तर काढण्यापुरता.

दुसरं, एकक. परदेशात राहणाऱ्या मुलाकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांच्या फाइलमध्ये क्रिएटिनिन ‘९०’ असं दिसतं. ते मायक्रोमोल प्रति लिटर असतं. ८८.४ ने भागा, म्हणजे साधारण १.०. युरियाचंही तसंच: एक लॅब ‘युरिया’ देते, दुसरी ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. बीयूएन १५ आणि युरिया ३२ ही एकच गोष्ट आहे. गेल्या महिन्यात १५ होता, आता दुप्पट झाला, असं समजून घाबरू नका.

## टप्पा ६: क्रिएटिनिन आणि ई-जीएफआर

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन मुळात जास्त. म्हणून एकच आकडा दोन माणसांत दोन वेगळे अर्थ देतो. क्रिएटिनिन १.२ घ्या. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ३० वर्षांच्या पुरुषात ई-जीएफआर साधारण ८३ येतो. ६८ वर्षांच्या बाईंमध्ये तोच १.२ म्हणजे ई-जीएफआर साधारण ४९. लॅबच्या मर्यादेच्या आसपास असल्याने बाईंचा आकडा ठळक छापला जाईलच असं नाही, आणि किडनीचं काम मात्र बरंच उतरलेलं असेल. घरातल्या आजी, मावशी, काकू यांच्या रिपोर्टमध्ये ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका.

ई-जीएफआरचे टप्पे असे:

- ९० किंवा जास्त: जी१
- ६० ते ८९: जी२
- ४५ ते ५९: जी३-ए
- ३० ते ४४: जी३-बी
- १५ ते २९: जी४
- १५ पेक्षा कमी: जी५

इशारा: ई-जीएफआर ७८ आला, म्हणजे ‘किडनी २२ टक्के गेली’ असा हिशेब करू नका. ६० च्या वर असेल, एसीआर ठीक असेल, लघवीत आणि सोनोग्राफीत काही वावगं नसेल, तर त्याला किडनीचा आजार म्हणत नाहीत. वयाबरोबर हा आकडा थोडा उतरतोच.

हे सूत्र १८ वर्षांखालच्या मुलांना लागू नाही. गरोदरपणातही नाही. गरोदर बाईचं क्रिएटिनिन स्वाभाविकपणे खाली जातं, त्यामुळे त्या काळात १.० हा ‘नॉर्मल रेंज’मधला आकडासुद्धा डॉक्टरांना दाखवायला हवा. अंगावर खूप स्नायू असलेले, फार कृश झालेले, पाय कापावा लागलेले लोक यांच्यात क्रिएटिनिनवरचा अंदाज चुकतो. अशांसाठी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण थायरॉइडचा आजार आणि स्टेरॉइड यांनी बदलते, म्हणून ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच करा.

मागचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ०.९ चं १.० झालं याला अर्थ नाही, एवढा फरक रोजच्या रोज पडतो. ०.८ चं आठवड्यात १.२ झालं तर दोन्ही आकडे छापील मर्यादेत असले तरी ती दीडपट वाढ आहे, आणि तिला किडनीवर अचानक आलेला ताण म्हणूनच पाहिलं जातं. तेव्हा रिपोर्टवर ठळक अक्षर नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा ७: एसीआर

- ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी: ठीक
- ३० ते ३००: मध्यम वाढ
- ३०० पेक्षा जास्त: मोठी वाढ

काही लॅब फक्त ‘युरीन मायक्रोॲल्ब्युमिन’ देतात, गुणोत्तर देत नाहीत. तेवढ्यावर विसंबू नका. लघवी पातळ असेल तर ॲल्ब्युमिनही पातळ होतं. उदाहरणार्थ, ॲल्ब्युमिन १८ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं, वरवर ठीक वाटलं. पण त्याच लघवीत क्रिएटिनिन ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. १८ भागिले ४०, गुणिले १०० म्हणजे ४५. एसीआर वाढलेला आहे. दोन्ही आकडे त्याच एककांत असतील तर हा हिशेब घरीही करता येतो.

एकदा वाढलेला आला म्हणून निदान होत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन वाढलेले आले तर ती वाढ खरी मानतात. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी टप्पा २ मधली तयारी काटेकोर करा.

आता दोन्ही आकडे एकत्र ठेवा. एकाचा ई-जीएफआर ८५ आणि एसीआर ४००. दुसऱ्याचा ई-जीएफआर ५८ आणि एसीआर १०. बहुतेक लोक दुसऱ्याची काळजी करतील. पुढच्या काळातला धोका पहिल्याला जास्त आहे. फक्त क्रिएटिनिन पाहिलं असतं तर पहिला माणूस ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी गेला असता.

## टप्पा ८: युरीन रूटीन

प्रोटीन ‘निल’. लघवीत बुडवायच्या पट्टीवर ‘निल’ आलं म्हणून एसीआर टाळू नका. थोडं ॲल्ब्युमिन त्या पट्टीला दिसतच नाही.

साखर. मधुमेहासाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी घेत असाल तर लघवीत साखर येणारच, औषधाचं कामच ते आहे. घाबरून गोळी बंद करू नका.

पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी. ५ पर्यंत चालतात. जास्त असतील आणि सोबत एपिथेलियल सेल्सही (त्वचेच्या वा अस्तराच्या पेशी) भरपूर असतील तर बहुधा नमुना नीट घेतला गेला नाही. लक्षण काही नसेल तर अँटिबायोटिकच्या आधी नमुना पुन्हा द्या.

लाल पेशी. एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या भागात, ३ किंवा जास्त असतील, पाळी नसेल, व्यायाम झालेला नसेल, तर पुन्हा तपासा. पुन्हाही आल्या तर कारण शोधायलाच हवं, विशेषतः चाळिशीनंतर आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत. आरबीसी कास्ट्स (किडनीच्या नलिकांत लाल पेशींचे बनलेले साचे) असे शब्द दिसले तर थांबू नका, किडनीविकारतज्ज्ञांकडे जा.

क्रिस्टल्स. कॅल्शियम ऑक्झलेटचे थोडे स्फटिक निरोगी माणसांतही दिसतात. त्यावरून टोमॅटो-पालक कायमचे सोडण्याचं कारण नाही.

## टप्पा ९: बाकीच्या रक्ततपासण्या

युरिया एकटा वाढला असेल तर आधी कमी पडलेलं पाणी, जास्त प्रथिनांचा आहार, स्टेरॉइड, पोटातला रक्तस्राव यांचा विचार होतो. युरिक ॲसिड वाढलं म्हणजे किडनी बिघडली असं नाही. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट यांचं महत्त्व ई-जीएफआर उतरल्यावर वाढतं, ते डॉक्टरांना पाहू द्या.

पोटॅशियमकडे मात्र स्वतः लक्ष द्या. साधारण ३.५ ते ५.० हवं. ६ च्या वर आलं तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नमुन्यात दोष असू शकतो, पण ते लगेच पुन्हा तपासून आणि ईसीजी काढूनच ठरवायचं असतं, कारण खरं असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

इशारा: ‘किडनीला चांगलं’ म्हणून रोज शहाळं पिण्याचा सल्ला पुण्यात कुणीही कुणालाही देतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ई-जीएफआर उतरलेला असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या औषधांपैकी काही चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘लो सोडियम’ मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

## टप्पा १०: पुन्हा कधी तपासायचं

- ई-जीएफआर पहिल्यांदाच ६० च्या खाली: जुने रिपोर्ट शोधा. ते नसतील तर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा करा, म्हणजे अचानक घसरण चालू आहे का ते कळतं. मग तीन महिन्यांनी. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात.
- टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखं औषध सुरू झालं किंवा डोस वाढला: दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणं यात अपेक्षित असतं. तेवढ्यावरून स्वतःहून गोळी बंद करणं ही मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तीच गोळी लघवीतलं प्रथिन कमी करून किडनी वाचवत असते.
- लॅब तीच ठेवा. प्रत्येक वेळी स्वस्त पॅकेज शोधत लॅब बदलली तर पद्धतीतल्या फरकामुळे ०.१-०.२ चा चढउतार आजार वाटू लागतो.

## टप्पा ११: डॉक्टरांकडे जाताना

एका वहीत रकाने आखा: तारीख, क्रिएटिनिन, ई-जीएफआर, एसीआर, पोटॅशियम, रक्तदाब, वजन. जुन्या रिपोर्टांचे आकडेही त्यात भरा. ससूनसारख्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना तुमच्यासाठी काही मिनिटंच मिळतात. त्यात वीस कागद चाळण्यापेक्षा एक पान त्यांना जास्त सांगतं.

दुसऱ्या पानावर तुम्ही घेता ती सगळी औषधं लिहा. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्या, घटक न छापलेली चूर्णं, पुड्या, भस्मं, प्रोटीन पावडर, सगळं. रागावतील म्हणून लपवू नका.

रांगेत न थांबता तातडीने जायची कारणं: लघवी जवळपास थांबणं, लघवीत उघड रक्त, चेहऱ्यावर-पायांवर सूज आणि धाप, काही दिवसांत झपाट्याने वाढलेलं क्रिएटिनिन. ई-जीएफआर ३० च्या खाली किंवा एसीआर ३०० च्या वर असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून किडनीविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी मागून घ्या.

आणि समोर बसल्यावर एवढे प्रश्न विचारा: माझा जी टप्पा कोणता आणि एसीआर कोणत्या गटात? रक्तदाब किती ठेवायचा? या ई-जीएफआरला मेटफॉर्मिनचा किंवा इतर कुठल्या गोळीचा डोस बदलायला हवा का? ताप किंवा जुलाब झाले तर कोणती गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची? सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध देणार असतील तर आधी काय सांगायचं? पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, आणि त्यात एसीआर लिहून देताय ना?